मुखडा झाला, अंतरा अडला? गीतकारांनो, या चुका टाळा

‘सुचत नाही’ असं म्हटलं की सल्ले ठरलेले: फिरून या, शांत बसा, आपोआप सुचेल. गीतकाराला याचा उपयोग कमीच होतो. गाणं बहुतेक वेळा एका विशिष्ट जागी अडलेलं असतं. कुठे मात्रा जास्त झालेली असते, कुठे यमकाला पुढे शब्दच नसतो, कुठे दुसऱ्या अंतऱ्यासाठी, म्हणजे मुखड्यानंतरच्या दुसऱ्या कडव्यासाठी, सांगायला काही उरलेलं नसतं. ती जागा शोधायची सोडून आपण प्रतिभेवर शंका घेतो, वही मिटतो आणि नवं गाणं सुरू करतो. तेही महिन्याभराने त्याच जागी अडतं. ही पहिली चूक, आणि सगळ्यात महागाची.

आधी दोन चाचण्या करा. गाणं काय म्हणतंय ते साध्या गद्यात दोन वाक्यांत लिहा. लिहिता आलं नाही तर अडचण विषयाची आहे, शब्दांशी झटून काही होणार नाही. लिहिता आलं, तर शब्द बाजूला ठेवा आणि तबल्याच्या ॲपवर केहरवा ताल लावून मुखड्याची (गाण्याच्या सुरुवातीच्या, परत परत येणाऱ्या ओळींची) चाल नुसत्या ‘ना ना’वर पाच मिनिटं गा. चाल टिकली तर दोष शब्दांत आहे. ‘ना ना’सुद्धा प्रत्येक वेळी वेगळं येत असेल तर चालच अजून बसलेली नाही.

मात्रा न मोजता ओळ घासत बसणं

‘ओळ छान आहे, पण गाता येत नाही’ ही तक्रार नव्वद टक्के हिशेबाची असते. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. अनुस्वाराचा उच्चार स्पष्ट होत असेल तर दोन, आणि पुढच्या जोडाक्षराचा आघात येत असेल तर आधीच्या ऱ्हस्वाच्याही दोन. एवढे नियम पुरतात.

ही ओळ घ्या: ‘नदीच्या काठी दिवा लावला’. मोजा: ५, ४, ३, ५. एकूण १७. केहरवा आठ मात्रांचा. एका मात्रेला एक ठोका धरला तर दोन आवर्तनांत (तालाच्या दोन फेऱ्यांत) १६ बसतात. एक मात्रा उरते, आणि ती गिळण्यासाठी गायक ‘नदीच्या’ घाईने उरकतो. ओळ ‘काठावरती दिवा लावला’ अशी केली की ८ आणि ८, हिशेब जुळला. हाच पादाकुलक या मात्रावृत्ताचा साचा.

तरी गाऊन बघा. दुसऱ्या आवर्तनाच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, ‘दि’ येतो. तो ऱ्हस्व आहे आणि समेवर आवाज आपोआप टेकतो, त्यामुळे गायक ‘दीवा’ म्हणणार. कानाला खटकतं, पण कारण कळत नाही, आणि आपण अख्खी ओळ फेकून देतो. फेकायची गरज नाही. समेवर दीर्घ अक्षर आणा:

काठावरती वात लावली
पाण्यामध्ये ज्योत हालली

दोन्ही ओळी ८ अधिक ८, आणि समेवर ‘वा’ आणि ‘ज्यो’. ‘मध्ये’तल्या ‘म’च्या दोन मात्रा धरल्या आहेत, कारण पुढे जोडाक्षर आहे. आता चाल शेवटी वरच्या षड्जाकडे (वरच्या ‘सा’कडे) जात असेल तर ‘ली’वरची ई लांबवताना गळा आवळतो. तिथे आकारान्त किंवा एकारान्त शब्द सोयीचा. अशा वेळी शब्द बदलावा, नाहीतर चाल खाली उतरवावी. दोन्ही हट्टाने धरून ठेवले तर गाणं तिथेच थांबतं.

ताल बदलला की हिशेबही बदलतो. दादऱ्याला सहा मात्रा, झपतालाला दहा. रूपक सात मात्रांचा, तीन-दोन-दोन असा, आणि त्याच्या समेवरच खाली, म्हणजे बिनजोराची मात्रा, असते. म्हणून केहरव्यात लिहिलेली ओळ रूपकात कोंबली की लंगडते. ओळ रूपकात हवी असेल तर पहिल्यापासून रूपक लावूनच लिहा.

दुसऱ्या अंतऱ्यात पहिलाच अंतरा पुन्हा लिहिणं

सर्वांत जास्त गाणी इथे मरतात. मुखडा आणि पहिला अंतरा एका बैठकीत होतो आणि दुसरा महिनोन्महिने होत नाही. याचं कारण पहिल्या अंतऱ्यातच सापडतं. तिथे आपण सगळं सांगून टाकलेलं असतं, आणि दुसऱ्यात तेच वेगळ्या विशेषणांनी सांगायचा प्रयत्न चालू असतो.

उपाय असा: काळ, जागा किंवा ज्याला उद्देशून गातोय तो माणूस, यातली एकच गोष्ट बदला. समजा गाणं इंदूरच्या गिरणी कामगारावर आहे. पहिल्या अंतऱ्यात पहाटेचा भोंगा, सायकली, डबा. दुसऱ्यात पुन्हा घाम आणि यंत्रं आणू नका. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, पण अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झांक्या (सजवलेले चित्ररथ) आजही निघतात. दुसरा अंतरा त्या रात्रीचा करा: भोंगा नाही, दिवे आहेत, आणि रस्त्याच्या कडेला म्हातारा कामगार नातवाला खांद्यावर घेऊन उभा आहे. काळ बदलला, मुखडा तोच राहिला, पण आता तोच मुखडा वेगळा अर्थ देतो. ते घडत नसेल तर दोष मुखड्यात शोधा. मुखडा फार नेमका झाला असेल, तो थोडा सैल करावा लागेल.

एवढं करूनही जमलं नाही तर पहिल्या अंतऱ्यातल्या चार ओळींपैकी शेवटच्या दोन उचलून दुसऱ्यात टाका आणि पहिल्यासाठी नव्या दोन शोधा. अनेकदा दुसरा अंतरा पहिल्याच्या पोटात दडलेला असतो.

पुण्याच्या कानांनी स्वतःचं ऐकणं

इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी गीतकाराची ही खास अडचण आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. घरात मराठी, बाहेर दिवसभर हिंदी. लिहायला बसलं की आधी भीती: हे शुद्ध आहे का, पुण्याकडचे लोक हसतील का? मग प्रत्येक ओळ लिहितानाच तपासली जाते, आणि लिहिणं व तपासणं एकाच वेळी केलं की दोन्ही अडतात. पहिला खर्डा घरात बोलता तशाच मराठीत लिहा. वीस मिनिटांचा गजर लावा, खोडरबर दूर ठेवा, शब्द आठवला नाही तर हिंदी शब्द टाकून पुढे जा. तपासणी दुसऱ्या दिवशी. तेव्हा ‘भीती लागते’चं ‘भीती वाटते’ करायचं की बोलीचा गोडवा म्हणून ठेवायचं, हे गाण्यातलं पात्र पाहून ठरवा. इंदूरची आजी गात असेल तर तिची भाषा पुसून टाकणं हीच मोठी चूक ठरेल.

मध्य भारतात राहून मराठी गीत लिहिणं ही दुय्यम गोष्ट आहे असं मनातून काढून टाका. भा. रा. तांबे मुंगावलीत जन्मले, त्यांचं बरंचसं आयुष्य इकडच्याच संस्थानांत गेलं, आणि त्यांच्या कविता पुढे लता मंगेशकरांच्या आवाजात घरोघरी पोचल्या. लताबाईंचा जन्मही इंदूरचाच, १९२९ चा.

याच भीतीतून उसन्या प्रतिमा येतात. माड, होड्या, समुद्राची गाज. ज्याने हे रोज पाहिलेलं नाही त्याच्याकडे तिसऱ्या ओळीसाठी तपशील उरत नाही आणि लेखणी थांबते. आपल्याकडे काळी माती आहे, फाल्गुनातला पळस आहे, रंगपंचमीची गेर (रंग उडवत निघणारी मिरवणूक) आहे, कान्ह नदीकाठच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत, थंडीत सराफ्याच्या खाऊबाजारात तळलेल्या गराडू कंदाची वाफ आहे. जे डोळ्यांनी पाहिलंय त्याची दहावी ओळही लिहिता येते.

क्रियापदांवर यमक टांगणं

आले, गेले, झाले, केले. ही यमकं लगेच जुळतात आणि चार ओळींत गाणं गुळगुळीत करून टाकतात. ओळीच्या शेवटी नाम ठेवून पाहा. ओळ लिहिण्याआधीच यमकांची यादी करा: वाट, पहाट, घाट, दाट, थाट, पाट, ताट. दहा शब्दही मिळत नसतील तर तो शब्द मुखड्याच्या शेवटी ठेवू नका, कारण प्रत्येक अंतऱ्याला त्याच्याकडे परत यायचंय. काठ, गाठ, पाठ असे जवळचे ध्वनी गाताना बिनदिक्कत चालतात.

बोटं नेतील तिकडे चाल नेणं

पेटीवर किंवा गिटारवर बसलं की बोटं त्याच चार जागी जातात, म्हणून प्रत्येक चाल आधीच्या गाण्यासारखी वाटते. वाद्य बंद करा, फक्त तानपुरा लावा, आणि चारच सुरांत मुखडा बांधा. माळव्याची कितीतरी लोकगीतं एवढ्याच सुरांत फिरतात आणि तरी पुरतात. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाने आजारी असताना देवासला आले. गाणं बंद होतं, पण कान उघडे होते, आणि या लोकधुनांतून पुढे त्यांनी नवे राग बांधले. गाता-लिहिता येत नाही त्या काळात ऐकणं चालू ठेवायचं, ते असं. मात्र नुसतं वाजत ठेवू नका. एक धून निवडा, तिची सुरुवात कोणत्या सुरावर आहे आणि ती कुठे थांबते ते सरगमात लिहून काढा.

अडलेपण आठवडेच्या आठवडे टिकलं आणि त्याबरोबर झोप, भूक, माणसांत मिसळणंही गेलं, तर हा गीतलेखनाचा प्रश्न राहिला नाही. डॉक्टरांना दाखवा, उशीर करू नका.

फर्माईशीच्या गाण्यात उशिरा विचारणं

गणेशोत्सवाच्या मंडळाचं किंवा कुणाच्या लग्नाचं गाणं अडलं की बहुतेक वेळा माहिती अपुरी असते. होकार देतानाच विचारा: किती मिनिटांचं, कोण गाणार, कोणत्या पट्टीत, कोरस आहे का, नावं कोणती यायला हवीत. बाईंचा आवाज साधारण काळी चार-पाचमध्ये (पेटीवरची चौथी-पाचवी काळी पट्टी ‘सा’ धरून) खुलतो, पुरुषांचा काळी एक-दोनमध्ये. पट्टी नंतर बदलली तर वरच्या सुरावर बेतलेले शब्द पुन्हा लिहावे लागतात. मंडळाचं किंवा देवाचं नाव ओळीत अडत असेल तर आधी त्या नावाच्या मात्रा मोजा आणि ओळ त्याच्याभोवती बांधा. ‘गजानना’च्या सहा, ‘मोरया’च्या पाच.

फोनमध्ये रेकॉर्ड केलेल्या तुकड्यांना त्याच क्षणी नाव द्या: ताल, पट्टी, पहिले दोन शब्द. ‘केहरवा, काळी एक, काठावरती वात’. पुढच्या वेळी चाल कोरी सुचली नाही तरी बिनशब्दांचा एखादा तुकडा तिथे सापडतो, आणि त्याच्यावर मात्रा मोजायला लगेच बसता येतं.