घरच्या संगणकाला ब्रॉडबँड मोडेम कसा जोडावा

ब्रॉडबँडची नवी जोडणी घेतली की कंपनीचा माणूस येतो, खिडकीतून वायर आत घेतो, भिंतीवर मोडेम ठोकतो, आपल्या मोबाइलवर वायफाय लावून देतो आणि अर्ध्या तासात पुढच्या घरी जातो. त्यानंतर संगणक जोडणे, पासवर्ड बदलणे, नेट बंद पडले की दोष कुठे आहे ते शोधणे, ही कामे आपल्याकडे उरतात. ती अवघड नाहीत, पण क्रमाने करावी लागतात. त्या क्रमाबाबत माझा एकच आग्रह आहे: संगणक आधी केबलने जोडावा, त्यावर इंटरनेट नीट चालल्याची खात्री करून घ्यावी आणि मगच वायफायकडे वळावे. केबलवर नेट चालते आणि वायफायवर चालत नाही, असे असेल तर अडचण घरातल्या वायफायमध्ये आहे. केबलवरही चालत नसेल आणि संगणक ठीक असेल, तर ती मोडेममध्ये किंवा बाहेरच्या लाइनमध्ये आहे.

घरात आलेली लाइन ओळखणे

पूर्वी ब्रॉडबँड टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरूनच येत असे. बीएसएनएलची ‘डेटावन’ सेवा २००५ मध्ये सुरू झाली तेव्हा २५६ केबीपीएस (सेकंदाला २५६ किलोबिट) वेगालाही सरकारी व्याख्येनुसार ब्रॉडबँड म्हणत. जानेवारी २०२३ पासून ही किमान मर्यादा २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) आहे. तांब्याच्या तारेवर एक्स्चेंजपासूनच्या अंतराला फार महत्त्व असते. एडीएसएल टू प्लस या तंत्राचा कमाल वेग २४ एमबीपीएस सांगितला जातो, पण तो एक्स्चेंजच्या अगदी जवळच्या घरालाच मिळू शकतो आणि चार-पाच किलोमीटरवर त्यातला थोडाच उरतो. आता बहुतेक शहरांत आणि अनेक गावांत फायबर, म्हणजे काचेच्या तंतूतून प्रकाशाने सिग्नल नेणारी वायर, आला आहे. फायबरच्या टोकाला बसणाऱ्या उपकरणाचे खरे नाव ‘ओएनटी’ आहे, पण घरोघरी त्याला मोडेमच म्हणतात आणि या लेखातही तोच शब्द वापरला आहे.

ओळखण्याची खूण सोपी आहे. मोडेममध्ये शिरणाऱ्या वायरच्या टोकाला चौकोनी, बहुधा हिरव्या रंगाचे प्लास्टिकचे कनेक्टर असेल तर ती फायबरची लाइन होय. टेलिफोनला लागते तशी पारदर्शक, छोटी पिन असेल तर ती तांब्याची. फायबरचे टोक उघडे असताना त्यात डोळा लावून कधीही पाहू नये. त्यातून येणारा प्रकाश अवरक्त असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही, पण त्यामुळे तो निरुपद्रवी ठरत नाही.

मोडेमची जागा

जागा ठरवताना बहुतेकजण फक्त प्लग कुठे आहे ते पाहतात. प्लग हवाच, पण मोडेम जमिनीवर, टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटात ठेवू नये. धातू वायफायच्या लहरी अडवतो आणि पाणी त्या शोषून घेते, म्हणून माशांची मोठी टाकीही शेजारी नको. घराच्या साधारण मध्यभागी, डोक्याच्या उंचीवर, हवा खेळती राहील अशी जागा उत्तम. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरांत हा प्रश्न अधिक जाणवतो. माजघरात ठेवलेल्या मोडेमचे वायफाय पडवीपर्यंत पोहोचत नाही, आणि अशा ठिकाणी संगणकापर्यंत केबल ओढणे हाच टिकाऊ उपाय ठरतो.

कंपनीचा माणूस घरात असतानाच संगणकाची जागा त्याला दाखवावी. फायबरची वायर नंतर लांबवायची तर ती पुन्हा जोडायला खास यंत्र लागते. मोडेम आणि संगणक यांना जोडणारी लॅनची केबल मात्र बाजारातून हवी तेवढी आणता येते आणि १०० मीटरपर्यंत ती व्यवस्थित काम करते. म्हणून मोडेम वायफायच्या दृष्टीने योग्य जागी बसवून संगणकाकडे केबल नेणे अधिक शहाणपणाचे आहे.

जोडणी आणि दिवे

सुरुवातीला मोडेमचा स्विच बंद ठेवावा. फायबरचे कनेक्टर मोडेमच्या खालच्या किंवा मागच्या हिरव्या खाचेत, त्याचा उंचवटा खाचेशी जुळवून, ‘टक्’ असा हलका आवाज येईपर्यंत सरळ दाबावे. पुढचा पांढरा टोकदार भाग बोटाने पुसू नये, कारण तेवढ्या तेलकटपणानेही सिग्नल कमी होतो. तांब्याची लाइन असेल तर भिंतीवरच्या डबीतून येणारी तार आधी ‘स्प्लिटर’ नावाच्या छोट्या डबीत जाते. तिथून एक तार टेलिफोनला आणि दुसरी मोडेमला द्यायची असते. घरात टेलिफोनचे दुसरे जोडयंत्र असेल तर तेही स्प्लिटरच्या टेलिफोनच्या बाजूलाच आले पाहिजे, नाहीतर प्रत्येक घंटीला नेट तुटते आणि फोनमध्ये खरखर ऐकू येते.

मग अडॅप्टर लावावा. तो मोडेमबरोबर आलेलाच वापरावा. बदलण्याची वेळ आली तर जुन्या अडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा, जो बहुधा १२ असतो, तोच नव्यावर असायला हवा आणि अँपिअरचा आकडा तेवढाच किंवा अधिक असावा. सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर पिन बसते म्हणून मोडेमला लावण्याची चूक अनेक घरांत होते आणि ती महागात पडते.

स्विच चालू केल्यावर दोन-तीन मिनिटे काहीही करू नये. या वेळात मोडेम स्वतः सुरू होतो आणि एक्स्चेंजमधल्या यंत्राशी ओळख करून घेतो. एकाच फायबरवर ३२ किंवा ६४ घरे वाटलेली असतात आणि तिकडचे यंत्र प्रत्येक मोडेमला त्याच्या क्रमांकावरून ओळखते. म्हणूनच शेजाऱ्याचा मोडेम आणून आपल्या लाइनला लावला तर तो सहसा चालत नाही. ओळख पटली की ‘पॉन’ हा दिवा हिरवा आणि स्थिर होतो. तो लुकलुकत असेल तर ओळख अजून पटायची आहे. ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल पेटला किंवा लाल लुकलुकू लागला तर प्रकाश मोडेमपर्यंत पोहोचतच नाही, आणि तेव्हा संगणकावर काहीही केले तरी उपयोग नसतो. तांब्याच्या मोडेमवर हेच काम ‘डीएसएल’ किंवा ‘लिंक’चा दिवा करतो.

संगणक केबलने जोडणे

लॅन केबलचे एक टोक मोडेमच्या पहिल्या लॅन पोर्टमध्ये आणि दुसरे संगणकाच्या तशाच पोर्टमध्ये लावावे. मोडेमवर तसेच दिसणारे, पण थोडे अरुंद असे टेलिफोनचे पोर्ट असते; केबल त्यात घुसवण्याचा प्रयत्न करू नये. पातळ लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबीचा छोटा लॅन अडॅप्टर मिळतो. केबल विकत घेताना तिच्या अंगावर छापलेले अक्षर पाहावे: ‘कॅट ५ ई’ किंवा ‘कॅट ६’ असेल तर १ जीबीपीएसपर्यंतचा वेग मिळू शकतो.

केबल लागताच पोर्टजवळचा दिवा लुकलुकू लागला पाहिजे. विंडोजच्या संगणकावर सेटिंग्ज उघडून ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ आणि त्यात ‘इथरनेट’ निवडावे. तिथे आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमध्ये संगणकाला मिळालेला क्रमांक, दिसतो. तो बहुतेक मोडेमवर १९२.१६८ ने सुरू होतो, आणि तसा असेल तर मोडेमने संगणकाला आपल्या घरात घेतले असे समजावे. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर संगणकाला मोडेमकडून पत्ताच मिळालेला नाही. अशा वेळी आधी केबल बदलून पाहावी आणि मग त्याच पानावरची पत्त्याची नेमणूक ‘ऑटोमॅटिक’ आहे का ते तपासावे. जुन्या कार्यालयीन संगणकांवर कोणीतरी कायमचा पत्ता भरून ठेवलेला असतो, आणि असा संगणक घरी आणल्यावर नेमका इथेच अडतो.

पत्ता बरोबर असूनही एकही संकेतस्थळ उघडत नसेल तर मोडेममध्ये ग्राहकाचे युजरनेम आणि पासवर्ड भरलेले नसावेत. ब्राउझरच्या पट्टीत मोडेमच्या खालच्या स्टिकरवर छापलेला पत्ता टाकावा. बहुधा तो १९२.१६८.१.१ असतो. आत ‘वॅन’ नावाच्या पानावर ‘पीपीपीओई’ (युजरनेम-पासवर्डने जोडणी करण्याची पद्धत) निवडलेले दिसले पाहिजे आणि त्याखाली कंपनीने दिलेले युजरनेम असले पाहिजे. बीएसएनएलच्या तांब्याच्या लाइनला याशिवाय व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३५ हे दोन आकडे लागतात. फायबरवर त्यांच्याऐवजी व्हीलॅनचा क्रमांक असतो, जो कंपनीनुसार बदलतो. काहीही बदलण्यापूर्वी या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

इथे एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. मोडेमच्या मागे टाचणीने दाबायचे एक बारीक भोक असते, ते ‘रीसेट’. स्विच बंद करून पुन्हा चालू करणे म्हणजे रीस्टार्ट, आणि ते कितीही वेळा केले तरी चालते. रीसेट मात्र वरचे सगळे आकडे आणि नावे पुसून टाकते, आणि मग कंपनीचा माणूस येईपर्यंत घर नेटशिवाय राहते. लहान मुलांच्या हातापासून ते भोक जपावे.

वायफाय आणि पासवर्ड

केबलवर नेट चालू झाले की मोडेमच्या त्याच पानांवरून वायफायचे नाव आणि पासवर्ड बदलावा. स्टिकरवरचा पासवर्ड तसाच ठेवला तर घरी येणारा प्रत्येकजण तो वाचू शकतो. नवा पासवर्ड किमान १२ अक्षरांचा असावा, त्यात स्वतःचा मोबाइल नंबर किंवा मुलांची नावे नसावीत. सुरक्षेचा प्रकार ‘डब्ल्यूपीए २’ किंवा ‘डब्ल्यूपीए ३’ ठेवावा आणि ‘डब्ल्यूपीएस’ (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने उपकरण जोडण्याची सोय) बंद करावे. वायफायइतकाच महत्त्वाचा, पण बहुतेकांच्या लक्षात न येणारा पासवर्ड म्हणजे मोडेममध्ये शिरण्याचा. तो ‘अ‍ॅडमिन’ असाच राहिला असेल तर वायफायवर आलेला कोणीही तुमच्या मोडेमच्या सेटिंग्ज बदलू शकतो.

वायफायची दोन नावे दिसत असतील तर त्यातले ५ गिगाहर्ट्झचे वेगवान पण कमी पल्ल्याचे असते, आणि २.४ गिगाहर्ट्झचे संथ पण भिंतीपलीकडे पोहोचणारे. मोडेमच्या खोलीत बसून काम करताना पहिले आणि आतल्या खोलीत दुसरे वापरावे.

वेग तपासायचा तर तो केबलवरच तपासावा आणि त्या वेळी घरातले इतर मोबाइल व टीव्ही नेटवरून काढावेत. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते आणि संगणक फाइल उतरवताना तो मेगाबाइटमध्ये दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट होतो, त्यामुळे १०० एमबीपीएसच्या योजनेत सेकंदाला १२.५ मेगाबाइटपेक्षा अधिक दिसणार नाही. त्यात फसवणूक नाही. योजना ३०० एमबीपीएसची असूनही आकडा ९५ च्या आसपासच अडून राहत असेल, तर केबलमधल्या चार जोड्यांपैकी एखादी तुटलेली असते किंवा मोडेमचे अथवा संगणकाचे पोर्टच १०० एमबीपीएसचे असते. आधी केबल बदलावी, ते सर्वांत स्वस्त आहे.

नेट बंद पडल्यावर

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी आमच्या घरी साफसफाई झाली आणि त्याच संध्याकाळी नेट गेले. मी मोडेम तीनदा बंद-चालू केला, संगणकाच्या सेटिंग्ज उलटसुलट केल्या, तक्रार नोंदवली, आणि दुसऱ्या दिवशी आलेल्या लाइनमनने मोडेमकडे न जाता थेट कपाट पुढे ओढले. मागे फायबरची वायर कपाट आणि भिंत यांच्या मध्ये चेपून काटकोनात दुमडली होती. त्याने ती सोडवली, बोटांनी हलकेच सरळ केली आणि लाल दिवा विझला. फायबरच्या आत केसासारखा काचेचा तंतू असतो आणि तो तीव्र कोनात वळला की प्रकाश वळणावरच बाहेर निसटतो. चहाच्या कपाच्या तोंडापेक्षा लहान वळण त्या वायरला देऊ नये. उरलेली वायर गुंडाळून ठेवतानाही मोठे वेटोळे करावे आणि ते खिळ्याला करकचून बांधू नये. तेव्हापासून लाल दिवा दिसला की मी भिंतीपासून मोडेमपर्यंत वायर हाताने चाचपून येतो आणि मगच फोन उचलतो.

तक्रार करताना कोणता दिवा कोणत्या रंगाचा आहे हे आधी सांगावे. ‘नेट चालत नाही’ यापेक्षा ‘लॉसचा दिवा लाल आहे, रीस्टार्ट केले आहे, वायर दुमडलेली नाही’ या वाक्याने पलीकडच्या माणसाला लगेच कळते की लाइनमनच पाठवावा लागेल. दिवे ठीक असून केबलवर नेट नसेल तर बिल भरल्याची तारीख पाहावी, कारण योजना संपली तरी पॉनचा दिवा हिरवाच राहतो.

वीज आणि वळवाचा पाऊस

मोडेम फार वीज खात नाही. १२ व्होल्ट आणि १ अँपिअरचा अडॅप्टर म्हणजे जास्तीत जास्त १२ वॅट. लोडशेडिंगच्या भागात १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मोडेमपुरता लावला तर दोन-तीन तास सहज निघू शकतात, आणि लॅपटॉपवर काम करणाऱ्याला तेवढे पुरते. विजांचा कडकडाट सुरू झाला की मात्र अडॅप्टर प्लगमधून काढून ठेवावा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. तांब्याच्या लाइनची टेलिफोनची पिनही काढावी. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, पण खांबावरून घरात येणाऱ्या फायबरच्या वायरला ताण सोसण्यासाठी अनेकदा पोलादी तार जोडलेली असते. ती तार घराच्या बाहेरच संपवली आहे ना, हे जोडणीच्या दिवशी पाहून घ्यावे. संगणकाला लावलेली लॅन केबलही काढावी, कारण मोडेमवर आलेला झटका त्याच केबलमधून संगणकाच्या मदरबोर्डपर्यंत जाऊ शकतो.

मोडेम कंपनीच्या मालकीचा असेल तर त्याच्या खालचा अनुक्रमांक आणि अनामत रकमेची पावती यांचा फोटो काढून ठेवावा. जोडणी बंद करताना मोडेम अडॅप्टरसकट परत द्यावा आणि परत घेतल्याची लेखी पोच हातात आल्याशिवाय तो देऊ नये. परत देण्यापूर्वी, आणि फक्त याच वेळी, टाचणीने रीसेट दाबावे, म्हणजे आपले वायफायचे नाव आणि पासवर्ड दुसऱ्याच्या हाती जात नाहीत.