गल्फला, अमेरिकेला जाताय? हिपॅटायटीस बी ची सुई शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका

व्हिसा, तिकीट, मेतकूट, लोणचं सगळं आठवतं, हिपॅटायटीस बी या लिव्हरच्या आजाराची लस मात्र निघायच्या आठ दिवस आधी आठवते. माझंही तेच झालं. मोठ्यांसाठी तीन डोस असतात, आज पहिला, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा, म्हणजे दिवाळीत निघणार असाल तर अक्षय्य तृतीयेच्या आसपास सुरुवात हवी.

लहानपणी घेतली असेल की, असं वाटतं ना? पण सरकारी लसीकरणात ही लस २००२ ला मोजक्या ठिकाणी आली आणि देशभर व्हायला २०११ उजाडलं. आईने जपून ठेवलेलं कार्ड असेल तर काढून बघा, बीसीजी, पोलिओ, ट्रिपल सापडेल, ही बहुतेक नसेलच.

आता महत्त्वाचं. गल्फच्या नोकरीचं मेडिकल असतं त्यात एचबीएसएजी ही रक्ततपासणी असते, ती या व्हायरसच्या वरच्या आवरणातलं प्रोटीन रक्तात शोधते, आणि लसीत नेमकं तेच प्रोटीन असतं, त्यामुळे सुई घेतल्यावर साधारण १८ दिवसांपर्यंत रिपोर्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकतो!! म्हणून आधी मेडिकल, मग सुई. उलट झालंच असेल तर मध्ये महिनाभर जाऊ द्या. आणि रिपोर्ट खरंच पॉझिटिव्ह असेल तर लसीचा उपयोग नाही, सरळ लिव्हरच्या डॉक्टरकडे जा.

वेळच नसेल तर ०, ७ आणि २१ व्या दिवशी असे डोस देतात, पण मग वर्षाने चौथा घ्यावाच लागतो, डॉक्टरशी बोलून ठरवा. मधला डोस राहिला तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, राहिलेला घ्यायचा आणि पुढे जायचं.

सुई दंडातच घ्या, कमरेत नाही, तिथे चरबीत गेली तर नीट लागू पडत नाही. बाटली फ्रीजमधली हवी पण गोठलेली नको, सिस्टरने हलवली की आतलं पाणी दुधाळ दिसतं, मी घाबरून विचारलं होतं खराब झालीय का, त्या हसल्या.

हा आजार पाण्यातून नाही, रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतो (पाण्यातून येते ती ए आणि ई). वाळलेल्या रक्तातही व्हायरस सात दिवस टिकतो, म्हणून तिकडे रूममेटचा रेझर वापरू नका, न्हाव्याला ब्लेड समोर बदलायला सांगा, स्वस्तातला टॅटू तर नकोच.

शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (लसीने रक्तात किती संरक्षण तयार झालं ते मोजणारी तपासणी) करून घेता आली तर उत्तम, आकडा १० च्या वर आला म्हणजे लस लागू झाली. सर्टिफिकेटवर नाव पासपोर्टसारखंच लिहून घ्या, बॅच नंबर आणि तारखा टाकून घ्या, फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सॲप करा, माझा कागद पँटच्या खिशात धुऊन निघाला होता.