पाळी गेल्यावरचा पॅप: या चुका टाळा

पॅप म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी खरवडून काचेच्या स्लाइडवर पसरायच्या (हाच स्मिअर) आणि त्यात कर्करोगपूर्व बदल शोधायचे. ती स्लाइड लगेच अल्कोहोलमध्ये बुडवायची सोडून पंख्याखाली सुकवणाऱ्यांवर माझा खास राग आहे. लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावते ती मी, म्हणून बोलते. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं, गर्भाशयमुखाचं अस्तर पातळ होतं आणि स्मिअरमध्ये खालच्या थरातल्या लहान, गोल पेशीच दिसतात. त्या मुळातच फसव्या. त्यात स्लाइड हवेत सुकली की केंद्रकं फुगतात, रंग पुसट होतो. मग हा कर्करोगपूर्व बदल की नुसती सुकल्याची करामत, कोण सांगणार?

एका शिबिरात ‘सगळ्या झाल्या की एकदम बुडवू’ असा हिशेब झाला. त्यात गोव्यातल्या डिचोलीकडची बासष्टीची एक मावशी. रिपोर्ट संशयास्पद गेला, तोही ऐन चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या तोंडावर. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान बाजूला टाकून ती लेकीला घेऊन दारात हजर. “बाये, मला नेमकं काय झालंय ते सांग.” काय सांगू? डॉक्टरांनी योनीत लावायला इस्ट्रोजेनचं मलम दोन आठवडे दिलं, मग थोडे दिवस थांबून स्मिअर पुन्हा घेतला. या खेपेला स्लाइड थेट ९५ टक्के अल्कोहोलमध्ये. स्वच्छ, नॉर्मल. पण मावशीची चवथ गेली ती गेलीच.

मी स्लाइडवर नाव आधी लिहिते, तेही पेन्सिलीने, कारण शाई अल्कोहोलात धुऊन जाते. बरणीचं झाकणही आधीच उघडून ठेवते.

पेशी खरवडायला नुसत्या लाकडी स्पॅच्युलावर (चपट्या काडीवर) भागवणं ही दुसरी खोड. या वयात तपासायचा नेमका भाग आत गर्भाशयमुखाच्या नळीत सरकलेला असतो. तिथे ब्रश लागतोच. मुखाला व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी बघायची तपासणीही याच कारणाने इथे फारशी कामाची नाही.

स्पेक्युलम (योनी उघडून धरायचं साधन) लहान घ्या, कोमट पाण्याने ओला करा. जेली थापू नका, पेशी झाकल्या जातात.

बाई ‘पिशवी काढली’ म्हणाली तर गर्भाशयमुख ठेवलंय का, ते कागदावर बघा.

पाळी गेल्यावर रक्त दिसलं आणि पॅप नॉर्मल आला, म्हणून घरी पाठवू नका. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग पॅपमध्ये निसटतो. सोनोग्राफी, गरज पडली तर बायोप्सी.

आणि ‘आता या वयात कशाला?’ पासष्टीनंतर थांबता येतं, पण मागच्या दहा वर्षांतल्या तपासण्या पुरेशा आणि नॉर्मल असतील तर. सत्तरी तालुक्यातून येणाऱ्या कित्येकींची तर ही पहिलीच असते.