दुखणं दाखवायचं कसं: नुकसानभरपाईच्या अपिलात टिकणारा पुरावा

कामावर कंबर दुखावते, एमआरआयमध्ये ठळक काही दिसत नाही आणि हातात तुटपुंजी भरपाई पडते. मग कुणीतरी सांगतं, "हायकोर्टात नवा दाखला लावू." हे ऐकू नका. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याची जागा नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे; इथली कलमं त्या जुन्या कायद्याची आहेत. त्याच्या कलम 30 खाली अपील होतं ते कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच, तेही 60 दिवसांत. दुखणं किती, हे तिथे पुन्हा मोजत नाहीत आणि नवा पुरावा अपवादानेच घेतात. अपिलात जे लागणार, ते आयुक्तांपुढेच, म्हणजे भरपाईचा मूळ दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्यापुढेच, नोंदीवर आलं पाहिजे.

केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, फिजिओथेरपीच्या नोंदी तारीखवार लावा.

मग मोजणी. दुखणं किती याचा शून्य ते दहामधला नुसता आकडा उलटतपासणीत टिकत नाही; सांगणारा तोच आणि पैसे मागणाराही तोच, असं समोरचे वकील म्हणणारच. सोबत ऑस्वेस्ट्री प्रश्नावली भरून घ्या; कंबरदुखीने रोजची कामं किती अडतात, हे ती मोजते. तिचे दहा विभाग, प्रत्येकी 0 ते 5 गुण: वजन उचलणं, बसणं, उभं राहणं, चालणं, झोप वगैरे. तीच प्रश्नावली काही महिन्यांनी पुन्हा भरा. सगळीकडे पाच मात्र लिहू नका. 'अंथरुणातून उठवत नाही' असं कागदावर, आणि माणूस कोर्टाचा जिना चढून आलेला, की खरं दुखणंसुद्धा खोटं ठरतं.

खरी अडचण डॉक्टरांच्या दाखल्यात आहे. बोट तुटलं, हात गेला तर परिशिष्टात टक्के ठरलेले आहेत. कंबरदुखी त्यात नाही. अशा दुखापतीत कमाईची क्षमता किती घटली, हे कलम 4 प्रमाणे डॉक्टरांनी सांगायचं असतं. बहुतेक दाखले '20 टक्के अपंगत्व' एवढ्यावर थांबतात. शरीराचे 20 टक्के म्हणजे कमाईचे 20 टक्के नव्हेत. प्रताप नारायण सिंह देव खटल्यात (1976) सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून सुप्रीम कोर्टाने त्याची कमाईची क्षमता पूर्ण गेली असं धरलं.

म्हणून डॉक्टरांना कामाचं वर्णन लेखी द्या. 'हमाल' एवढं पुरत नाही. 50 किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, दिवसभर, असं लिहा. वाकल्यावर कळ कुठून कुठे जाते, तपासणीत काय आढळलं आणि त्यामुळे यातलं कोणतं काम बंद झालं, हे दाखल्यात सलग आलं पाहिजे. आणि डॉक्टरांना साक्षीला आणाच, समन्स काढून का होईना. मी तर म्हणेन, फक्त दाखल्यापुरते भेटलेले मोठे नाव नको, महिनोन्महिने उपचार केलेले साधे डॉक्टर आणा. "तुम्ही यांना किती वेळा तपासलंत?" या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर असतं.

अपिलाच्या मुद्द्यांत 'दुखणं जास्त आहे' असं लिहू नका. डॉक्टरांची साक्ष अमुक निशाणीवर (पुराव्याला नोंदीत दिलेल्या क्रमांकावर) आहे, ती खोडली गेलेली नाही, तरी आयुक्तांनी ती विचारात न घेता टक्के कमी धरले, असं पानासकट लिहा. पुरावा डावलून काढलेला निष्कर्ष हा कायद्याचा प्रश्न होऊ शकतो.

अपील मालकाने केलं असेल, तर भरपाईची रक्कम आयुक्तांकडे जमा केल्याचा दाखला त्याने जोडलाय का, हे पहिल्याच दिवशी तपासा. त्याशिवाय त्याचं अपील चालत नाही.