गॅसचा ओव्हन पेटवताना: दार आधी, काडी मग, नॉब शेवटी

दिवाळीत नानकटाईचं पीठ घेऊन बेकरीच्या भट्टीवर नंबर लावणारी घरं कोल्हापुरात अजून आहेत. त्यातल्या काहींच्या स्वयंपाकघरात चार बर्नरची कुकिंग रेंज असते, पण खालच्या ओव्हनात कढया, तवे कोंबलेले असतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं: पेटवायची भीती वाटते. भीती योग्य जागी आहे. ओव्हनचं बाकी सगळं काम सोपं आहे, पेटवणं तेवढं नीट शिकून घ्यावं लागतं.

आत काय काय असतं ते आधी बघा. सगळ्यात खाली भोकांचा पत्रा, त्याच्याखाली लांबट नळीसारखा बर्नर. पत्र्यात पुढच्या बाजूला एक भोक असतं, ते काडी लावण्यासाठी. बर्नरच्या ज्योतीत टोक घुसवलेली बारीक तांब्याची कांडी दिसेल, तिचं नाव थर्मोकपल. बाजूच्या भिंतींना जाळी सरकवायच्या खाचा, छताला काही मॉडेलमध्ये ग्रिलचा बर्नर, दाराच्या कडेनं रबरी पट्टी आणि मागे धूर-वाफ बाहेर जायची फट.

कढया बाहेर काढा. सिलिंडरची सुरक्षा नळी ओव्हनच्या मागून, गरम पत्र्याला टेकून गेलेली नाही ना, ते बघा. नळीवर छापलेली मुदत उलटली असेल तर आधी ती बदला. पाइपगॅस घेतला असेल तर बर्नरचे जेट बदलल्याशिवाय ओव्हन लावू नका, कारण दोन्ही गॅसचं भोक वेगवेगळ्या मापाचं लागतं.

आता पेटवणं. दार पूर्ण उघडा आणि पेटेपर्यंत उघडंच ठेवा. काडीनं पेटवणार असाल तर पेटती काडी आधी भोकापाशी न्या, मग नॉब दाबून फिरवा. आधी गॅस सोडून मग काडेपेटी शोधणं म्हणजे भडका ओढवून घेणं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, ओव्हनच्या तळाशी साचतो. हवेत साधारण २ टक्के मिसळला की पेट घेतो, म्हणजे ६० लिटरच्या ओव्हनात सव्वा लिटर गॅस पुरे, आणि तेवढा साचायला मिनिटभर लागतो. बटणाची ठिणगी असेल तर नॉब दाबताक्षणी बटणही दाबा. तोंड आणि केस दारासमोर आणू नका, बाजूला वाकून बघा.

ज्योत लागली तरी नॉब लगेच सोडायचा नाही, १० ते १५ सेकंद दाबून धरायचा. बहुतेकांचा ओव्हन ‘पेटतो आणि विझतो’ तो इथेच. थर्मोकपलचं टोक तापलं की त्यात थोडीशी वीज तयार होते आणि तिच्यावर गॅसची झडप उघडी राहते. टोक तापायच्या आत बोट काढलं की झडप बंद. १५ सेकंदांनीही विझत असेल तर टोकावर काजळी बसलेली असते किंवा ते ज्योतीच्या बाहेर सरकलेलं असतं. नॉबला चिकटपट्टी किंवा चिमटा लावून तो दाबून ठेवायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका. ज्योत विझल्यावर गॅस तोडणारी ती एकच सोय आहे. जुन्या ओव्हनात ही सोय नसते, तिथे ओव्हन चालू असताना स्वयंपाकघर सोडायचं नाही.

चार-पाच सेकंदांत पेटला नाही, तर नॉब बंद करा. ‘अजून एकदा लायटर मार’ हा सगळ्यात वाईट सल्ला. दार सताड उघडं ठेवून पाच मिनिटं थांबा, खिडकी उघडा, वास गेल्यावरच पुन्हा काडी लावा. पेटल्यावर दार हळू लोटा. धाडकन लावलं की हवेच्या धक्क्यानं ज्योत जाते. लोटल्यावर भोकातून एकदा निळी ज्योत दिसते का, ते बघाच.

वरचं काचेचं झाकण ओव्हन चालू असताना उघडं ठेवा. बऱ्याच रेंजमध्ये ओव्हनची गरम हवा मागून त्या झाकणाखालीच येते आणि काच तडकते. तळाच्या पत्र्यावर फॉइल पसरू नका. भोकं बुजली की ज्योतीला हवा कमी पडते, ती पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो. म्हणून खिडकी पावसातही थोडी उघडी हवी.

भाजणं सोपं. १० ते १५ मिनिटं रिकामा तापवा, ट्रेच्या चारी बाजूंना दोन-दोन बोटं जागा सोडा. आच खालून येते, त्यामुळे नानकटाई मधल्या किंवा वरच्या खाचेत ठेवा. तळाच्या खाचेत बूड करपतं आणि वरून पांढरीच राहते. १७० अंशांवर १५ ते १८ मिनिटं लागतात. नॉबवरच्या आकड्यांवर विसंबू नका, आत टांगायचा साधा थर्मामीटर घ्या आणि पहिल्या घाण्यात चारच नानकटाया लावून बघा. ट्रे ओल्या फडक्यानं धरू नका, फडक्यातल्या पाण्याची वाफ होऊन हात भाजतो. आत काही पेटलंच तर गॅस बंद, दार बंद. दार उघडलं की आगीला हवा मिळते.

घरात गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, दिव्याच्या किंवा पंख्याच्या बटणाला हात लावू नका. बाहेर जाऊन १९०६ वर फोन करा.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात ठिणगीच्या कांडीचा पांढरा भाग दमट होतो आणि ठिणगी पडत नाही. तो कोरड्या सुती फडक्यानं पुसा. थर्मोकपलचं टोकही तसंच, कोरडंच, ओव्हन पूर्ण गार असताना पुसा. घासणी लावू नका.