आधी काउंटरमागं बसा, मग लिहा

आम्ही दुकानांसाठी सोशल मीडियाच्या पोस्ट लिहितो. नवीन पोरं कामाला लागली की पहिलं विचारतात, 'सर, कंटेंट कॅलेंडर (कोणती पोस्ट कधी टाकायची त्याचं वेळापत्रक) कधी बनवायचं?' मी सांगतो, आधी एक-दोन संध्याकाळी क्लायंटच्या दुकानात काउंटरमागं बस. गिऱ्हाईक काय विचारतं ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरव. सुधारू नको.

नागपुरात कूलरचं दुकान घ्या. मालकाला लिहून हवं असतं 'दर्जेदार गारवा, विश्वासाचं नाव'. काउंटरवर येणाऱ्या काकू मात्र विचारतात, 'बोअरच्या पाण्यानं जाळीवर खार धरते काय?' कोणी विचारतं कूलरच्या पॅडला वाळा घ्यावा की हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखा कागदी पॅड). हेच तुमचे विषय. खाराच्या रीलमध्ये मॉडेल नको, मेकॅनिकलाच बोलू द्या: थर जमला की पॅडमधून हवा नीट जात नाही, कूलर नुसता आवाज करतो, म्हणून टाकीतलं पाणी अधूनमधून पूर्ण काढून टाकायचं. असं काही लोक सेव्ह करतात, साळ्याला पाठवतात. लाइक कमी पडतील, पडू द्या.

वेळही गिऱ्हाईकच ठरवतं. होळीच्या आसपास माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, विक्रीचं बोलणं त्याच्या आधीच सुरू झालं पाहिजे. मे अखेरच्या नवतप्यात, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, लोकांना बंद पडलेला कूलर चालू करायचा असतो. तेव्हा दुरुस्तीचं सांगा. संत्र्याचं तर विचारूच नका. अंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात तोडतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चकडं. जुलैत 'आजच बागेतून तोडलेली' अशी पोस्ट टाकली की इथला माणूस लगेच ओळखतो. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, ते पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला जरूर सांगा. गोकुळपेठेत भाजी घेणाऱ्याला त्याचं काय?

भाषेबद्दल माझं मत जरा तिखट आहे. बॅनरवर 'काऊन भाऊ' (का रे भाऊ) लिहिलं म्हणजे वऱ्हाडी होत नाही. ज्याच्या घरी ती बोली नाही त्यानं ती लिहूच नये. इतवारीतल्या होलसेलवाल्याचा व्यवहार बराचसा हिंदीत चालतो, त्याच्यासाठी हिंदीच लिहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, इडापिडा तिच्यासोबत जावी म्हणून. त्या दिवशी 'घेऊन जा गे मारबत' सगळेच टाकतात. कूलरवाल्यानं 'बोअरचा खार घेऊन जा' म्हटलं तर खपून जाईल. सोनारानं 'महागाई घेऊन जा' म्हटलं तर लोक हसतील, पण त्याच्यावरच.

आता पसरवण्याचं. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जण बसतात, आणि ज्यानं दुकानाचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच मेसेज पोचतो. हे नवख्यांना माहीतच नसतं. म्हणून बिल देतानाच म्हणायचं, 'नंबर सेव्ह करा, सर्व्हिसिंगची आठवण पाठवतो.' आणि खरंच पाठवायची. जाहिरातीवर सुरुवातीलाच पैसे ओतू नका. पोस्ट तशीच जाऊ द्या. जी लोकांनी आपणहून पुढं पाठवली तिच्यावर पैसे लावा, तेही दुकानाच्या आसपासच्या काही किलोमीटरांत. नागपूरच्या महाल भागातल्या दुकानाची जाहिरात दूर हिंगण्याला दाखवायची तर निदान घरपोच सोय तरी हवी.

व्हिडिओवाल्याला पैसे दिले किंवा फुकट सावजी जेवू घातलं, तर ती जाहिरात आहे हे व्हिडिओत स्पष्ट सांगावं लागतं. अ‍ॅस्कीचे, म्हणजे जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेचे, 2021 चे नियम तसे आहेत. 'फक्त 499 पासून' लिहिलं तर त्या भावात द्यायला माल हवा, कारण आमिषाच्या जाहिरातींसाठी केंद्राच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना आहेत. मालक म्हणेल, 'सगळेच करतात नं.' तुम्ही लेखी कळवून ठेवा.

महिन्याच्या शेवटी मालकापुढं रीचचे (पोस्ट किती जणांना दिसली त्याचे) आकडे ठेवून उपयोग नाही, त्याला गल्ला कळतो. काउंटरवरच्या पोराला 'कुठं पाहिलं?' एवढं विचारायला सांगा आणि बिलबुकावर एक अक्षर टाकायला लावा: व्हॉट्सअ‍ॅपचा 'व', इन्स्टाचा 'इ', ओळखीनं आला तर 'ओ'. माझ्या पाहण्यात 'ओ' च जास्त निघतात. मग पुढची पोस्ट त्या जुन्या गिऱ्हाइकांना शेजाऱ्याला पाठवावीशी वाटेल अशी करा.