एकच चालक, सोबत दीड-दोन वर्षांचं मूल: गाडीने लांबचा प्रवास कसा आखावा

नकाशावर ‘९ तास’ असं दिसलं की मनातल्या मनात हिशेब सुरू होतो: सकाळी सहाला निघायचं, मध्ये दोनदा थांबायचं, पाचपर्यंत पोहोचायचं. गाडीत सगळी मोठी माणसं असतील आणि चाक हातात घेणारे दोघं असतील, तर हे जमूनही जातं. पण चालक एकच आणि मागच्या सीटवर नुकतं पळायला शिकलेलं मूल असेल, तर हा हिशेब पहिल्या थांब्यालाच कोलमडतो.

बहुतेक जण अशा प्रवासाची आखणी मुलापासून सुरू करतात. खेळणी, खाऊ, डायपर यांची यादी आधी होते. माझं म्हणणं असं की सुरुवात चालकापासून करावी. मूल कंटाळलं तर रडेल, थांबल्यावर शांतही होईल. चालकाचा डोळा लागला तर मात्र त्याची जागा घ्यायला दुसरं कुणी नाही. म्हणून चालकाचा ताजेपणा किती तास टिकेल ते आधी ठरवायचं आणि मुलाची झोप, जेवण, खेळ त्यात बसवायचं.

१. दिवसाचे तास ठरवा

युरोपीय संघात ट्रक आणि बस चालवणाऱ्या व्यावसायिक चालकांना साधारणपणे दिवसाला ९ तासच गाडी चालवता येते, आणि साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती बंधनकारक असते. ही रोज हेच काम करणारी माणसं, आणि त्यांच्या मागे कुणी बूट फेकत नसतं. घरच्या चालकाने लहान मुलासोबत दिवसाला प्रत्यक्ष चाकामागचे ५ ते ६ तास धरावेत. मूल आणि चालक असे दोघंच असाल तर ४ पुरे.

आता ६ तासांचा दिवस कसा दिसतो ते पाहा. अर्ध्या-पाऊण तासाचे तीन थांबे आणि जेवणाचा एक मोठा थांबा धरला, तर सात वाजता निघालेली गाडी चार वाजता पोहोचते. म्हणजे नकाशाने दाखवलेल्या वेळेत निम्मी वेळ मिळवायची. उत्तर ९ तासांपेक्षा जास्त येत असेल, तर प्रवास दोन दिवसांचा आहे असं समजा आणि मुक्कामाची खोली आधीच ठरवून ठेवा. मुक्काम बरोबर मध्यावर नको, थोडा पुढे घ्या. थकवा साठत जातो, त्यामुळे दुसऱ्या दिवसाच्या वाट्याला कमी अंतर आलेलं बरं.

२. निघायची वेळ

‘रात्री निघू, मूल झोपेल, सकाळी पोहोचू’ हा सल्ला हमखास मिळतो. मूल झोपतं हे खरं आहे. पण रात्री २ ते पहाटे ६ या काळात मोठ्या माणसाचं शरीरही झोपच मागत असतं, आणि कॉफीने ती मागणी फार तर थोडी लांबते. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारख्या मंदावतात. अनेक देशांत हीच गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा आहे. सकाळी सहाला उठून, दिवसभर काम करून रात्री दहाला निघालेला चालक अकरा वाजताच या १७ तासांपाशी पोहोचलेला असतो आणि पुढे अख्खी रात्र बाकी असते. शिवाय सकाळी मूल झोप पुरी करून उठतं, आणि त्याच्या मागे धावायला रात्रभर जागलेलं माणूस उरतं. एकच चालक असताना रात्रीचा प्रवास करू नये, असं मला ठामपणे वाटतं.

झोपेची दुसरी लाट दुपारी, साधारण २ ते ४ दरम्यान येते. गंमत म्हणजे मुलाची दुपारची झोपही याच सुमाराला असते. मूल झोपलंय, गाडी शांत आहे, तेवढ्यात अंतर कापून घेऊ असा मोह नेमका तेव्हाच होतो. यावर एक चांगला तोडगा आहे: मुलाचं जेवण साडेअकराच्या सुमाराला उरका आणि बारा ते दोन त्याच्या झोपेत गाडी चालवा. दोन वाजता मूल उठेल तेव्हा दिवसातला सगळ्यात मोठा थांबा घ्या. वेळ पाच-दहा दिवस आधीपासून थोडी थोडी अलीकडे आणली तर मुलालाही ती जाचत नाही.

आदल्या रात्री चालकाची ७ ते ८ तास झोप झालीच पाहिजे. सामान संध्याकाळपर्यंत भरून ठेवा आणि रात्री मूल उठलं तर दुसऱ्याने उठावं. ही सवलत प्रवासाच्या तयारीचाच भाग आहे, त्यात संकोच नको.

३. कार सीट आणि गाडी

मांडीवर घेतलेलं मूल अपघातात धरून ठेवता येत नाही, हात कितीही घट्ट असले तरी. त्यामुळे मुलासाठी गाडीत बसवायची खास कार सीट नसेल तर प्रवासाची तारीख पुढे ढकला. निदान दोन वर्षांपर्यंत, आणि त्यानंतरही सीटवर दिलेल्या उंची-वजनाच्या मर्यादेत असेतोवर, मूल गाडीच्या मागच्या दिशेला तोंड करून बसवणं सगळ्यात सुरक्षित. या वयात डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक असते. धक्का बसला की अशी सीट डोकं, मान आणि पाठ एकत्र सावरते. अशी सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर कधीही लावू नका.

सीट बसवल्यावर पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवून पाहा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलत असेल तर ती सैल आहे. मुलाच्या खांद्याजवळ पट्ट्याची चिमूट घेता आली तर तोही सैल आहे. जाड जाकीट घालून पट्टे लावू नका. पट्टे आधी लावा, वरून पांघरूण टाका.

टायरमधली हवा गाडी थंड असताना, सामानाचं वजन लक्षात घेऊन भरा. मागच्या काचेजवळ बाटल्या, टिफिन, टॅबलेट असं काही सुटं ठेवू नका. जोराचा ब्रेक लागला की ते सगळं पुढे उडतं. चाइल्ड लॉक आणि काचांचं लॉक निघण्याआधीच लावून टाका.

४. मागच्या सीटचा कारभार कुणाचा

ताशी ९० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. चालकाने दोन सेकंद मागे वळून पाहिलं, म्हणजे ५० मीटर रस्ता न बघता गेला. म्हणून चालक मागे वळणार नाही, काही उचलून देणार नाही, बाटलीचं झाकण उघडणार नाही, हे आधीच ठरवून घ्या.

सोबत गाडी न चालवणारं मोठं माणूस असेल तर त्याने मुलाशेजारी मागे बसावं आणि मुलाचं सगळं त्यानेच पाहावं. फोनही त्यानेच घ्यायचे. ‘कुठपर्यंत आलात?’ विचारणारे फोन चालकाला नकळत घाई लावतात, त्यामुळे वाट पाहणाऱ्यांना पोहोचायची वेळ सांगूच नका. ‘निघालो की कळवू आणि पोहोचलो की कळवू’ एवढं पुरे. आणखी एक जबाबदारी याच माणसाची: मूल झोपलं म्हणून आपणही झोपायचं नाही. दोघंही झोपले की त्या शांततेत चालकालाही पेंग येते.

चालक आणि मूल असे दोघंच असाल तर नियम सोपा आहे: जे पडलं ते पुढच्या थांब्यापर्यंत पडलेलंच राहील. मूल रडतंय, पण पट्ट्यात नीट आहे आणि श्वास व्यवस्थित घेतंय, तर त्याच्याशी बोलत राहा, गाणं म्हणा आणि पुढच्या सुरक्षित जागी थांबा. महामार्गाच्या कडेला थांबणं हे रडण्यापेक्षा धोक्याचं आहे. तरीही रडणं सहन करत तासभर रेटू नका. त्या आवाजाने चालकाचं लक्ष झिजतं आणि वेग नकळत वाढतो.

५. थांबे

सगळ्यात जास्त विचार थांब्यांचा करावा, आणि तोच बहुधा सगळ्यात कमी होतो. दर दोन तासांनी किमान १५ मिनिटं थांबावं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मुलाचा थांबा म्हणजे चालकाची विश्रांती नव्हे. दोन तास चाक धरून बसलेलं माणूस गाडीतून उतरून अर्धा तास मुलामागे पळालं, डायपर बदलला, भरवलं आणि पुन्हा चाकामागे बसलं, तर ते उतरलं त्यापेक्षा जास्त थकलेलं असतं.

मोठी माणसं दोन असतील तर गाडी थांबताच मूल दुसऱ्याच्या ताब्यात. चालकाने पाय मोकळे करावेत, पाणी प्यावं, काही खावं. दुपारच्या मोठ्या थांब्यात कॉफी पिऊन लगेच १५-२० मिनिटं डोळे मिटावेत. कॉफीचा परिणाम साधारण अर्ध्या तासाने जाणवू लागतो, त्यामुळे डुलकी आणि कॉफी एकमेकींच्या मदतीला येतात. डुलकी त्याहून लांबली तर उठल्यावर जडपणा येतो, आणि उठल्या उठल्या चाक हातात घेऊ नये, पाच-दहा मिनिटं चालावं.

एकटे असाल तर थांबा दुप्पट लांब धरा. आधी मुलाला पळू द्या, मग दोघं शांत बसून खा. खूपच पेंग येत असेल तर काही तासांसाठी खोली घ्या. दिवस तिथेच संपला तरी चालेल.

दोन तास झाले आणि मूल गाढ झोपलंय, तेव्हा ‘कशाला उठवायचं’ म्हणून पुढे जाऊ नका. मुलाजवळ दुसरं माणूस गाडीतच बसू दे, चालकाने उतरून फिरावं. एकट्याने दार उघडं ठेवून गाडीजवळच उभं राहावं. ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून मुलाला गाडीत एकटं सोडणं मात्र कधीच नाही. उन्हात बंद गाडीतलं तापमान २० मिनिटांत १० अंश सेल्सियसहून जास्त वाढू शकतं आणि लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी पट वेगाने तापतं. थकलेलं डोकं मागे झोपलेलं मूल विसरूही शकतं. पाकीट किंवा फोनची पिशवी मागच्या सीटवर ठेवली, तर उतरताना मागचं दार उघडावंच लागतं.

थांब्याची जागा आधीच नकाशावर पाहून ठेवा. गवत, कुंपण, स्वच्छतागृह आणि सावली असेल तर उत्तम. गाड्या लावायच्या जागेत मुलाचा हात क्षणभरही सोडू नका. मागे जाणाऱ्या गाडीच्या चालकाला एवढं बुटकं मूल दिसत नाही.

६. खाणं, मळमळ, करमणूक

चालत्या गाडीत शक्यतो पाणीच द्या, जेवण थांब्यावर. शेंगदाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या, अख्खी द्राक्षं हे या वयात घशात अडकणारे पदार्थ आहेत, आणि मागच्या दिशेला तोंड करून बसलेलं मूल गुदमरतंय हे चालकाला दिसणारही नाही. काही द्यायचंच असेल तर मऊ, आणि शेजारी मोठं माणूस असतानाच.

गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांखाली क्वचित होतो, पण होणारच नाही असं नाही. मूल पांढरं पडलं, जांभया देऊ लागलं, लाळ गळू लागली तर काच उघडा आणि थांबा. कपड्यांचा एक जोड हाताशी हवा, डिकीच्या तळाशी नको. उलटीचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि मूल झोपावं म्हणून कुठलंही औषध देऊ नये.

खेळणी एकेक करून काढा, सगळी एकदम दिली की अर्ध्या तासात संपतात. स्क्रीनबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा: एक वर्षाच्या मुलाला नको, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. मूल दोन वर्षांवरचं असेल तर तो तास दिवसाच्या शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवावा, कारण चालकाला शांततेची सर्वांत जास्त गरज तेव्हाच असते.

७. कधी थांबायचंच

मागचे काही किलोमीटर आठवत नाहीत, रस्त्यावरची पाटी नजरेतून निसटली, गाडी रस्त्यावरच्या पट्ट्याकडे सरकतेय, पापण्या जड झाल्यात: यातलं एक जरी जाणवलं तरी पुढच्या सुरक्षित जागी थांबा. काच उघडणं, गाणी मोठ्याने लावणं याने झोप जात नाही. चार सेकंदांची डुलकीही ताशी ९० च्या वेगाला १०० मीटर असते. शेजारच्या माणसाला ‘आता थांब’ म्हणायचा पूर्ण अधिकार द्या, आणि त्याने म्हटलं की वाद घालू नका. यासाठी वाटेतल्या दोन-तीन राहण्याच्या जागांचे फोन नंबर कागदावर लिहून ठेवा.

पोहोचल्यावर मूल दिवसभर बसून ताजंतवानं असतं आणि चालक गळून गेलेला असतो. पहिले दोन तास मूल दुसऱ्याने सांभाळायचं हेही आधीच ठरवा. परतीचा प्रवास कामावर रुजू होण्याच्या आदल्या दिवशी ठेवू नका, मध्ये एक दिवस मोकळा हवा. परतताना थांबे कमी करायचा मोह होतो, पण ते जाताना होते तितकेच ठेवा. आणि निघण्याआधी कार सीटचे पट्टे पुन्हा तपासा: कपडे बदललेले असतात, आणि मुक्कामात कुणी सीट काढून परत लावली असेल तर ती सैल बसलेली असू शकते.